मुक्कामी विमान

ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थवर आडवी पडून लिहितेय. गाडी हलतेय, बोटं घसरतायत. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका.

आज पुण्यात आतेभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. जेवणं चालली होती. मुलाकडचे एक काका शेजारी बसले होते, चांगले शिकलेसवरलेले. कसं आलात, म्हणाले. म्हटलं, ट्रॅव्हल्सनं, विमानाची वेळ जुळत नव्हती. तर चमच्यातला गुलाबजाम तसाच धरून हसले. "जळगावला विमान? केळी बसवून नेता की काय त्यात?" सगळी पंगत हसली. आमचा आतेभाऊही हसला, मुलीचा बाप तो, करणार काय बिचारा. मीपण हसले. तेच डोक्यात बसलंय मघापासून. मी का हसले?

काका, केळी रेल्वेनं जातात. रावेर-सावद्याहून डबेच्या डबे भरून दिल्लीकडं. केळीला विमान परवडत नाही, हा हिशेब आमच्या चौथी पास शेतकऱ्यालाही कळतो. विमान माणसांसाठी पाहिजे. माझ्या नानांसाठी पाहिजे.

नानांना तुम्ही बहुतेक सगळे ओळखता. चौऱ्याहत्तर वय. मुंबईला अँजिओप्लास्टी झाली, मग दर काही महिन्यांनी दाखवायला जाणं आलं. पहिल्या खेपेला रेल्वेनं गेलो. रात्री अकराच्या पुढची गाडी, तीही दीड तास लेट. जळगाव स्टेशनच्या बाकावर नाना मफलर गुंडाळून बसलेले, मांडीवर रिपोर्टची फाइल, फाइलवर दोन्ही हात. पहाटे दादरला उतरलो. डॉक्टरांची वेळ दुपारी बाराची. तोवर एका हॉटेलात चहा पीत बसलो, वेटर दर पंधरा मिनिटांनी टेबल पुसून जायचा, म्हणजे उठा आता. डॉक्टरांनी तपासलं दहा मिनिटं. मी घड्याळ बघत होते, दहासुद्धा नाही. "छान आहे सगळं, सहा महिन्यांनी या." मग पुन्हा रात्रीपर्यंत बसा, पुन्हा रात्रीची गाडी. दहा मिनिटांसाठी दोन रात्री आणि एक अख्खा दिवस. घरी आल्यावर नाना दोन दिवस झोपून होते. आजार बरा, पण दाखवायला जाणं नको, असं म्हणायला लागले.

आणि आमच्याकडं विमानतळ नाही असं नाही हो! १९७३ ची धावपट्टी आहे, सार्वजनिक बांधकाम खात्यानं बांधलेली. प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या, आपल्या जळगावच्या लेकीनं तिकडं दिल्लीत नाव काढलं, तेव्हा कुठं त्या धावपट्टीचं नशीब फळफळलं. २०१२ ला त्यांच्याच हातून नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. आणि विमान? पाच वर्षं नाही! लग्नाचा मांडव घातला, नवरदेवाचा पत्ता नाही. २०१७ च्या डिसेंबरात छोट्या गावांना स्वस्तात विमान देणाऱ्या सरकारच्या उडान योजनेतून एअर डेक्कनचं छोटं विमान आलं, वीससुद्धा माणसं मावत नसत. काही महिन्यांत तेही गेलं. २०१९ च्या सप्टेंबरात ट्रूजेट आलं, सत्तर सीटांचं एटीआर. २०२२ मध्ये त्या कंपनीची विमानंच बसली. पुन्हा दोन वर्षं शुकशुकाट. २०२४ पासून गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी नावं पुन्हा ऐकू यायला लागली. दर वेळी नारळ, फीत, हार, फोटो. बंद पडतं तेव्हा मात्र कुणी फोटो काढायला येत नाही.

उडानचं गणित कुणीतरी मला समजावलं होतं. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीटा अडीच हजारांच्या आसपास द्यायच्या, कंपनीला खोट आली तर सरकार भरून देणार, पण तीनच वर्षं. अहो, तीन वर्षांत आमच्याकडं लिंबाची बाग धड फळाला येत नाही. तिसऱ्या वर्षी पाणी तोडलं आणि वर म्हणायचं, जमिनीत दम नाही.

नगर गेलं वाटतं. समोरच्या बर्थवरचा माणूस घोरतोय. असो.

विमानानं जाणं एकदा जमलं. एकदाच. ते सांगते, म्हणजे जरा राग उतरेल.

नानांना खिडकीची सीट दिली. विमान उठलं, वळलं, तसे नाना काचेला नाक लावून बसले. खाली गिरणा दिसली, पाणी थोडं, वाळूचा पट्टा पांढराफटक. मग हिरवे चौकोन सुरू झाले. नानांनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. "आपला मळा शे ना व तो!" मला सगळे मळे सारखेच दिसत होते. म्हटलं, हो नाना, आपलाच. मग समोरच्या सीटच्या खिशातून त्यांनी ती कागदी पिशवी काढली, उलटीसाठी असते ती. ही कशाची, म्हणाले. सांगितलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, बोटांनी कागदाची जाडी तपासली, नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. उलटी कसली होतेय, तासाभरात मुंबई आली! ती पिशवी अजून त्यांच्याकडं आहे. लाइट बिलाची पावती, पासबुकाची झेरॉक्स आणि सुटे पैसे तिच्यात असतात.

पण येताना काय? रेल्वेच. कारण परतीचं विमान दोन दिवसांनी. मुंबईत दोन दिवस राहायचं कुणाकडं? खोली केली असती तर विमानाच्या तिकिटापेक्षा लॉज महाग पडला असता. पुन्हा तेच, रात्रीची गाडी, फाइल, मफलर.

त्या रात्री बाकावर बसल्या बसल्या नाना एक वाक्य बोलले. "त्या विमाननी मुक्काम कराले पाहिजे."

मला हसू आलं होतं. नंतर पटलं. आता तर वाटतं, दिल्लीत बसून वेळापत्रकं करणाऱ्यांना एवढीच एक गोष्ट कुणीतरी सांगायला पाहिजे.

ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना मुक्कामी एसटी आठवत असेल. संध्याकाळी शेवटची गाडी गावात यायची ती परत जायचीच नाही. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या ओट्यावर झोपायचे, आमची आजी त्यांना भाकरी आणि ठेचा पाठवायची. सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याला निघायची. दूधवाले, बाजाराला जाणाऱ्या बाया, आम्ही कॉलेजची पोरंपोरी, सगळे तिच्यात. मी बी.कॉम. झाले ती त्या मुक्कामी गाडीमुळं. तीच गाडी तालुक्याहून दुपारी बाराला आली असती आणि लगेच वळून गेली असती, तर कोण बसलं असतं तिच्यात? मग डेपो मॅनेजरनं वर कळवलं असतं की या गावाला प्रवासी नाहीत, फेरी बंद करावी.

हेच चाललंय ना आमच्या विमानतळाचं? विमान कुठल्यातरी मोठ्या शहरात झोपणार, तिथली सकाळची कामं उरकून सवडीनं आमच्याकडं येणार, माणसं उतरवणार, माणसं घेणार, अर्ध्या तासात पसार. वेळ त्यांच्या सोयीची. आणि मे महिन्यात दुपारी येणार! आमचा मे माहीत आहे ना, पारा ४५ च्या घरात. तापलेली हवा पातळ होते, पंखाखाली जोर कमी मिळतो, इंजिनही दमतं, मग धावपट्टी जास्त लागते. आमची आहे सतराशे मीटरच्या आसपास. मग सामान उतरवा नाहीतर माणसं कमी घ्या. सकाळी सातला निघालं तर निम्मी भानगड मिटते. गार वाऱ्यावर निघायचं एवढं तर आमच्या बैलगाडीवाल्यालाही कळत होतं.

माझ्या डोक्यात एक वेळापत्रक आहे. हसलात तर हसा. रात्री एक विमान जळगावला मुक्कामी. सकाळी साडेसहाला मुंबई. संध्याकाळी साडेसहाला मुंबईहून परत. रोज. रविवारीसुद्धा, कारण रविवारी मुलाखतीला जाणारी पोरं आणि लग्नाला जाणारी माणसं असतात. मधल्या वेळात त्यानं पुणं करावं, इंदूर करावं. सुरत तर करावंच. तिथलं लिंबायत, उधना अर्धं आपल्या खान्देशी माणसांचंच आहे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. आणि अजिंठा! अजिंठा आमच्यापासून साठेक किलोमीटर, संभाजीनगरपासून शंभर. तरी परदेशी माणूस तिकडूनच येतो, लेण्या बघतो आणि तिकडंच परत जातो. आमच्या हातची शेवभाजी न खाता जातो, ही त्याची शिक्षा.

धुळेकरांनो, तुमचंही सांगते, रुसू नका. गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरला आहे. पोरं तिथं विमान चालवायला शिकतात. म्हणजे पायलट आमच्या आभाळात तयार होणार आणि विमानं उडवणार दुसऱ्यांच्या! नंदुरबारचं नाव तर कुणी काढतच नाही. मीही एका ओळीत उरकलं, बघा.

आता कुणीतरी खाली लिहिणारच: आधी रस्ते करा. करा ना! मी कुठं नाही म्हणतेय, ही गाडी आत्ता अशी आदळली की मोबाइल तोंडावर पडला. रेल्वे स्वस्त पडते, तेही खरं. सीटा रिकाम्या जातील? जातील काही महिने. मुंबईत सकाळी उतरायला जागा मिळत नाही, मोठ्यांनी सगळ्या वेळा धरून ठेवल्यात, असं म्हणतात. असेल. पण आता नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झालंय. तिथल्या दोन वेळा खान्देशला, विदर्भाला बांधून दिल्या तर कुणाच्या बापाचं काय जातं?

सॉरी. बापाचं काढायला नको होतं.

तिसऱ्या खेपेचं सांगायचं राहिलं. पुन्हा विमानाचीच तिकिटं काढली होती, नानांच्याच हट्टापायी. इस्त्रीचा सदरा, खिशात पिशवी, सकाळपासून दारात उभे. रिक्षा आकाशवाणी चौकात पोचली आणि माझा मोबाइल वाजला. तांत्रिक कारणास्तव उड्डाण रद्द. कंपनीचं नाव लिहीत नाही, पैसे परत आले, आणि तांत्रिक कारण असूही शकतं, बिघडलेलं विमान उडवा असं कोण म्हणेल. मी नानांकडं बघायचं टाळत होते. नानांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वळव भो." घरी आल्यावर खिशातून पिशवी काढली, तीस रुपये मोजून त्याला दिले, आणि आत जाऊन सदरा बदलला. एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मुंबईचं नाव काढत नाहीत. इथल्याच डॉक्टरांना दाखवतो आम्ही. इथले डॉक्टर चांगले आहेत, प्रश्न तो नाही. एकदा मात्र जेवताना मध्येच म्हणाले, वरून मळा केवढासा दिसतो ना. बस, तेवढंच.

म्हणून त्या काकांचं हसणं टोचलं. त्यांना नानांचं काही माहीत नाही, त्यांचा दोष नाही. चांगले आहेत तसे, निघताना ट्रॅव्हल्सच्या थांब्यापर्यंत सोडायला स्वतः गाडी घेऊन आले, पाण्याची बाटली घेऊन दिली. पण मी हसायला नको होतं.

अजिंठ्याचा घाट उतरलो, त्यात झोप लागली. आता उजाडतंय. आत्ताच विमानतळाचा बोर्ड गेला. दिवे चालू होते, फाटकापाशी वॉचमन खुर्चीवर बसून चहा पीत होता.

नानांचा फोन आला. "पोचनी का व?" म्हटलं, पाच मिनिटं. थांबू नका म्हणून दहा वेळा सांगितलं होतं, तरी अजिंठा चौफुलीवर येऊन उभे आहेत. काचेतून दिसतायत. कानाला मफलर, एक रिक्षावाला धरून ठेवलाय, भावावरून घासाघीस चाललीय, आणि हात सदऱ्याच्या खिशाकडं गेलाय.

उतरते.