मामा, घाई करू नका

"मामा, उन्हाळ्यात अजिबात येऊ नका. फेब्रुवारीत या. गर्दी नाही, हवा गार, समुद्राच्या कडेकडेने मस्त निवांत ड्राइव्ह करा," असं भाचा फोनवर म्हणाला. त्यातलं 'निवांत' तेवढं माझ्या कानात शिरलं, 'ड्राइव्ह' बाहेरच राहिलं. भाचा दक्षिण फ्रान्समध्ये, सोफिया आंतिपोलिस नावाच्या ठिकाणी नोकरी करतो. नाव एखाद्या नटीचं वाटतं, पण आहे हिंजवडीचंच भावंड. त्याला स्वतःला रजा मिळणार नाही, हे त्याने आमची तिकिटं काढून झाल्यावर सांगितलं.

बेत असा होता : नीसला गाडी भाड्याने घ्यायची, किनाऱ्याकिनाऱ्याने इटलीत शिरायचं, जिनोआपर्यंत जायचं आणि परत यायचं. एका बाजूचं अंतर साधारण 200 किलोमीटर. हायवेने अडीच तासांचं काम. आम्ही जाण्यायेण्याला मिळून सहा दिवस ठेवले होते. बायकोने त्याचं एक्सेल केलं होतं. त्यात दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात मी स्वतः वाचलेली नोंद : '10.30 ते 11.15 – निवांत बसणे.'

गाडी चालवायची मला धास्ती नव्हती. आंबेनळी घाटात धुक्यातून एसटीला वाट दिलेला माणूस मी. पण इथे स्टिअरिंग डावीकडे आणि गियर उजव्या हाताला. पहिल्या दिवशी माझ्या डाव्या हाताने दाराच्या हँडललाच तीनदा तिसरा गियर टाकला. इंडिकेटर द्यायला गेलो की वायपर सुरू व्हायचा. आभाळ निरभ्र, काच कोरडी ठणठणीत आणि वायपर क्यँव क्यँव करतोय, हे पाहून मागचे लोक ओळखायचे की हा आता कुठेतरी वळणार.

नीस ते मोनाकोच्या पुढपर्यंत डोंगराला तीन मजली रस्ता आहे. खालचा, मधला आणि वरचा. त्यांना कॉर्निश म्हणतात. वरचा नेपोलियनच्या काळातला. आम्ही अर्थातच वरचा धरला, कारण एक्सेलमध्ये त्याच्यापुढे 'विहंगम' असं लिहिलं होतं. विहंगम होताच. खाली निळाशार समुद्र, त्याच्या काठाला मोनाको हा उण्यापुऱ्या दोन चौरस किलोमीटरचा देश. माझ्या वाट्याला त्यातला कठड्याचा दगड आला.

"अहो, हॉर्न वाजवा ना वळणावर!"

मी वाजवला. आपल्या घाटात वाजवतो तसाच, दोनदा, सभ्यपणे. वरच्या घराच्या गॅलरीत एक बाई आल्या. शेजारच्या गॅलरीत एक गृहस्थ आले. कुणाला काय झालं, अशा चेहऱ्याने ते खाली बघत राहिले. त्यानंतर मी हॉर्नला हात लावला नाही. तिथे कुणीच लावत नाही. मागचा माणूस हॉर्न न वाजवता तुमच्या डिकीला चिकटून येतो आणि आरशात नुसता बघतो. मुकेपणाने दिलेला तो त्रास मला सहन होईना. दिसेल त्या बगलेत गाडी घालून मी सगळ्यांना पुढे जाऊ देत होतो. पुढे इटलीत सान्रेमोजवळच्या उतारावर तर सत्तरीच्या घरातल्या एका सायकलस्वाराने मला मागे टाकलं. जाताजाता हात हलवून आभारही मानले. त्या किनाऱ्यावर 1907 पासून मिलान-सान्रेमो ही सायकल शर्यत होते, त्यामुळे म्हातारी माणसंही तशीच असणार, अशी मी बायकोची समजूत घातली. ती म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या गियरमध्ये आहात."

वाटेत ला त्युर्बी गावात सम्राट ऑगस्टसचं विजयस्मारक आहे. इसवी सनापूर्वी 6 च्या सुमाराचं. आल्प्समधल्या 45 जमातींना त्याने जिंकलं, त्या सगळ्यांची नावं तिथे कोरली आहेत. चढावर, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत आमची गाडी लावण्याचे माझे जे प्रयत्न झाले, त्यानंतर हरलेल्यांच्या त्या यादीत 46 वं नाव घालायला हरकत नव्हती. शेवटी गावाबाहेर लावली आणि चालत आलो.

मेंतोंला लिंबांचा उत्सव चालू होता. दर फेब्रुवारीत असतो. सुमारे 140 टन लिंबं-संत्री वापरून हत्ती, देवळं, राजवाडे असलं काय काय उभारतात. आता लोणच्याचा विषय निघणार म्हणून मी तयारीत होतो. पण बायको एका हत्तीच्या पायाशी वाकून बसली होती.

"प्रत्येक लिंबाला रबरबँड लावलंय हो!"

खरंच लावलं होतं. सांगाड्यावर एकेक फळ रबरबँडने बसवलेलं. एक खाली पडलं होतं. तिने ते उचललं, झटकलं आणि मनगटात घातलं. आमच्या घरी दुधाच्या पिशव्यांची, औषधांच्या पुड्यांची, सगळी रबरबँडं स्वयंपाकघराच्या नळाला लटकतात. त्यांच्यात आता एक परदेशी पाहुणं जाणार होतं.

हवेबद्दल सांगायचं तर बारा अंश म्हणजे आमच्या हिशेबात कडाका. मी कानटोपी, तिने स्वेटरवर शाल आणि शालीवर माझं जर्किन. अशा अवतारात एक्सेलप्रमाणे मेंतोंच्या किनाऱ्यावर 'निवांत बसणे' चालू असताना पंचाहत्तरीच्या एक आजी आल्या, कपड्यांची नीट घडी करून गोट्यांवर ठेवली आणि थेट समुद्रात शिरल्या. दहा-पंधरा मिनिटं शांतपणे पोहल्या. बाहेर येऊन आम्हाला काहीतरी म्हणाल्या. फ्रेंच कळलं नाही, पण सूर 'बरं वाटत नाही का तुम्हाला?' असा होता. 11.15 झाल्यावर आम्ही उठलो.

खाण्याचे हाल झाले. आदल्याच संध्याकाळी नीसला सोक्का खाल्ला होता, तेव्हा खूप आशा वाटली होती. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. तांब्याच्या भल्या थोरल्या परातीत ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत भाजायचं. म्हणजे धिरडंच की! वर मिरपूड. बायकोने पहिल्या घासाला निकाल दिला : "ओवा विसरलेत." जिनोआला हेच फारिनाता नावाने मिळतं, तिथेही विसरलेत. पण अधल्यामधल्या गावांत काहीच उघडं नाही. हिवाळा म्हणजे हॉटेलवाल्यांच्या सुट्ट्यांचा हंगाम. दारोदार 'किऊझो' अशी पाटी. तिसऱ्या गावात मी म्हणालो, भलत्याच शाखा आहेत या किऊझोच्या, एखादी तरी उघडी सापडेल. किऊझो म्हणजे बंद, हे फोनने सांगितलं. एकदा एक खाणावळ उघडी सापडली. आम्ही पोचलो दोन पस्तीसला, स्वयंपाकघर अडीचला बंद झालेलं. दार लावणारा माणूस इतका अजिजीने हळहळला की आम्हीच त्याची समजूत काढून बाहेर आलो आणि गाडीत दशमी-मेतकूट खाल्लं.

रस्त्याच्या कडेला एक झाड पिवळ्या फुलांनी लगडलं होतं. लोक थांबून फोटो काढत होते. मिमोसा. इटलीत 8 मार्चला बायकांना याची डहाळी द्यायची पद्धत 1946 पासून आहे. हे मी मोठ्या प्रेमाने वाचून दाखवलं. बायकोने फूल हुंगलं, पान उलटंसुलटं केलं. "बाभळीपैकी आहे," म्हणाली. माझा हात डहाळीकडे गेला होता, तो मी खिशात घातला.

आता त्या कारंज्याचं. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. आम्ही हॉटेल शोधत जुन्या पेठेत शिरलो. गल्ल्या अशा, की आरसे मिटून घ्यावेत. एका चौकात कारंजं लागलं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे वळलो आणि परत एक कारंजं.

"अहो, हे मघाचंच कारंजं."

"अगं, इटली आहे ही. चौकाचौकात कारंजी असतात."

"त्यावर तेच कबूतर बसलंय."

"कबुतरंही असतात."

दिवसभर आमचं बोलणं बंद होतं. त्या सहलीतले खऱ्या अर्थाने निवांत तास तेवढेच.

परतीला मी जाहीर केलं की आता हायवे. जिनोआकडून सीमेपर्यंतचा तो हायवे म्हणजे बोगदा, पूल, बोगदा. समुद्र मधून मधून डोळा मारल्यासारखा दिसतो. मी सुखात होतो. टोलनाका आला आणि मोकळी दिसली म्हणून मी पिवळ्या पाटीच्या रांगेत गाडी घातली. ती फास्टॅगसारखा टॅग असणाऱ्यांची. दांडी उठेना. मागे एक ट्रक, त्यामागे दोन गाड्या. आणि मग तो आवाज आला. आधी ट्रकचा, मग मागच्यांचा. पों! पों-पों! सहा दिवसांनी कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. खरं सांगतो, मला गलबलून आलं. खंबाटकीच्या रांगेत असल्यासारखं वाटलं.

"बटण दाबा!" बायको ओरडली. दाबलं. भोकाभोकांच्या जाळीतून एक बाई इटालियनमध्ये घडाघडा बोलू लागल्या. बायको माझ्या अंगावरून ओणवी झाली आणि त्या जाळीला ठणकावून म्हणाली, "अहो ताई, चुकून आलोय आम्ही! टॅग नाहीये!" क्षणभर शांतता. मग यंत्रातून एक चिठ्ठी बाहेर आली, पंधरा दिवसांत पैसे भरा अशी, आणि दांडी वर गेली. मराठीत काम झालं, असं तिचं आजही म्हणणं आहे.

घरी येऊन सात महिने झाले. भाच्याने पुढच्या वर्षी ग्रीस सुचवलंय. परवा दुपारी पोस्टमन दोन जाड पाकिटं देऊन गेला, सही घेऊन. इटलीहून. गाड्यांना बंदी असलेल्या जुन्या पेठेत परवान्याशिवाय शिरल्याचा दंड. गाडीचा नंबर तोच, रस्ता तोच, कॅमेरा तोच. एका पाकिटात वेळ 11.42, दुसऱ्यात 11.51.

बायकोने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. एक अक्षर बोलली नाही. उठली, नळावरून मेंतोंचं रबरबँड काढून आणलं, दोन्ही पाकिटं एकावर एक ठेवून त्यात अडकवली आणि वर बॉलपेनने लिहिलं : 'कारंजं'.