डिझेल गाडीच्या हवेच्या नळीत पाणी ओतू नका

गेल्या रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतून काकूंचा फोन आला. काका गाडीचे बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून हवेच्या नळीत पेलाभर पाणी ओतायला निघाले होते आणि पाणी नळाचे चालेल की गाळलेले लागेल, हे काकूंना माझ्याकडून जाणून घ्यायचे होते. आधी इंजिन बंद करायला सांगा, एवढे बोलून मी सुदामानगरहून तडक निघालो. काकांनी ऐकले, म्हणून त्यांची गाडी आज चालते आहे. परंतु ज्या संदेशावरून ते हे करणार होते तोच संदेश त्यानंतर मला आणखी तीन समूहांत दिसला आणि प्रत्येक ठिकाणी त्याखाली आभाराचे हात जोडलेले होते, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे भाग आहे.

‘जुन्या डिझेल गाडीचा धूर घरच्या घरी बंद करा’ अशा मथळ्याच्या या संदेशात सहा गोष्टी सांगितल्या आहेत. काळा धूर भेसळीच्या डिझेलमुळे येतो, म्हणून टाकीत लिटरभर घासलेट घालावे. पांढरा धूर म्हणजे नुसती वाफ, तिच्याकडे लक्ष देऊ नये. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, तेव्हा जाड ऑइल खुणेच्याही वर भरावे. चालू इंजिनाच्या हवेच्या नळीत पेलाभर पाणी ओतले की आतला सगळा कार्बन वाफेबरोबर निघून जातो. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळून निघालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, पत्रा लावून कायमचा बंद करावा. आणि शेवटी, पीयूसी मिळाली की इंजिन निरोगी आहे असे समजावे.

पाण्याचा मुद्दा चौथा असला तरी आधी तोच घेतो, कारण बाकीच्या उपायांनी गाडी हळूहळू बिघडेल, याने ती एका क्षणात जाईल. काकांची गाडी २००९ सालची, १.३ लिटरची, चार सिलिंडरांची टर्बो डिझेल आहे. म्हणजे एकेक सिलिंडर सुमारे ३१० घनसेंटिमीटरचा. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. हवा सतरा-अठरा पट दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. याचा अर्थ, पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर जेमतेम १८ ते २० मिलिलिटर जागा उरते, म्हणजे चहाचे चार चमचे मावतील एवढीच. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पेल्यात २०० मिलिलिटर पाणी असते आणि ते चारही सिलिंडरांत सारखे वाटले जाईल याची कसलीही खात्री नसते. नळीच्या वळणात साचून ते एकाच सिलिंडरात एकदम शिरू शकते. तसे झाले की वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो, फिरत्या फ्लायव्हीलचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो, किंवा तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी रेटणाऱ्यांची इंजिने ज्या कारणाने जातात ते कारण हेच, आणि साध्या विम्यात असे नुकसान बहुधा भरून मिळत नाही.

या मुद्द्यात सत्याचा एक अंश आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. हेड गास्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारी पट्टी) फुटून ज्या सिलिंडरात पाणी झिरपत असते त्याच्या पिस्टनचे डोके, हेड उतरवल्यावर, शेजारच्या काळ्या पिस्टनांमध्ये स्वच्छ दिसते. वाफ कार्बन सोडवते हे खरे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या काही लढाऊ विमानांच्या इंजिनांतही पाणी फवारले जात असे. पण ते मोजून आणि तुषारांच्या रूपात फवारले जाई, आणि हेतू कार्बन काढण्याचा नव्हे, तर ज्वलनाची उष्णता आटोक्यात ठेवून अधिक शक्ती मिळवण्याचा होता. त्यावरून घरातला पेला इंजिनात रिकामा करण्याची परवानगी कोणी काढू नये. शिवाय कार्बन समजा निघाला, तरी तो ज्या कारणाने साचला ते कारण जागच्या जागी राहते.

घासलेट काकांना मिळाले नाही, म्हणून तो उपाय टळला. डिझेलच्या पंपाला आणि नोझलला वेगळे वंगण नसते; त्यांना वंगण मिळते ते डिझेलचेच, आणि घासलेट त्याहून कोरडे असते. हजार बारच्या वर दाब निर्माण करणाऱ्या कॉमन रेल पंपाला ते परवडत नाही. घासलेट हलके असल्यामुळे काही दिवस धूर कमी दिसू शकतो आणि माणूस फसतो तो तिथेच. रेशनचे निळे घासलेट वाहनात वापरणे तर कायद्यानेच मना आहे.

पांढऱ्या धुराविषयीचे विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, त्यामुळे इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी सायलेन्सरमधून पातळ, क्षणात विरणारी वाफ निघाली तर चिंता नको. परंतु जो पांढरा धूर विरत नाही, डोळ्यांना झोंबतो आणि ज्याला कच्च्या डिझेलचा वास येतो, ते न जळलेले इंधन असते. तिथे हीटर प्लग, कॉम्प्रेशन किंवा इंजेक्शनचे टायमिंग पाहावे लागते. तिसरी शक्यता सर्वांत महागाची. धुराला गोडसर वास आहे, कूलंटची पातळी आठवड्यागणिक खाली जाते आहे, बाटलीत बुडबुडे येत आहेत, ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा थर दिसतो आहे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर हेड गास्केटचा संशय घ्यायचा असतो. अशा गाडीकडे ‘लक्ष देऊ नका’ असे सांगणारा माणूस दुसऱ्याचे इंजिन तापवून जाम करायला लावतो आहे.

निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, हे संदेशात बरोबर आहे, आणि झिजलेल्या इंजिनात थोडे जाड ऑइल जळणे काहीसे कमी करते हेही खरे. पण ऑइल खुणेच्या वर भरले की क्रँक ते घुसळतो, त्याचे तुषार ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनात कोंडलेली वाफ सोडणाऱ्या नळीतून, हवेच्या नळीत जातात आणि डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळू लागते. किल्ली फिरवून बंद होतो तो डिझेलचा पुरवठा, ऑइलचा नव्हे. इंजिन आपोआप पिसाटल्यासारखे फिरत राहते. तशी वेळ आलीच तर ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन गुदमरवावे लागते. टर्बोचे सील, पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह सील यांपैकी काय गेले आहे, हे मिस्त्रीकडून तपासून घेणे त्याहून फार सोपे आहे.

ईजीआरबद्दल थोडक्यात सांगतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर काळा धूर येतो, हे खरे; म्हणून तो काढून साफ करावा. कायमचा बंद केला तर ज्वलनाचे तापमान चढते, नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे वाढतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

पीयूसीचा मुद्दा निरुपद्रवी वाटतो, पण काकांची दिशाभूल खरी झाली ती यामुळेच. ‘पीयूसी आहे ना, मग आतला कार्बनच असणार,’ हा त्यांचा युक्तिवाद होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११५ ज्यांनी वाचला आहे त्यांना या युक्तिवादातली चूक लगेच दिसेल. डिझेल गाडीची चाचणी त्यात इंजिन गरम करून, गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबून आणि सोडून, असे अनेकदा करून होते आणि यंत्र फक्त धुराची अपारदर्शकता मोजते. बीएस-४ या प्रदूषण-मानकापूर्वीच्या गाडीला ६५ हार्ट्रिज युनिटांपर्यंत (हे अपारदर्शकतेचे माप) आणि बीएस-४ गाडीला ५० पर्यंत सूट आहे. म्हणजे थंड इंजिनाचा पांढरा धूर या चाचणीत येतच नाही, धुराचा रंग नोंदवला जात नाही, आणि गाडीवर चढाचा किंवा प्रवाशांचा भार पडलेला नसतो. ही चाचणी रस्त्यावरची हवा किती काळी होते हे पाहण्यासाठी आहे. इंजिनाचे निदान हा तिचा हेतूच नाही.

काकांच्या गाडीचा धूर उभ्या गाडीत जवळजवळ दिसत नव्हता. खंडव्याच्या वाटेवर भेरूघाटात मात्र तो मागची गाडी झाकोळून टाकत होता, आणि काकांना आठवत होते की तेव्हाच फुस्स असा आवाज येई आणि गाडी ओढत नसे. धूर केव्हा येतो, हा प्रश्न रंगाइतकाच महत्त्वाचा आहे. सतत, अगदी आयडलवरही काळा धूर असेल तर गळणारे नोझल किंवा उघडा ईजीआर पाहावा. केवळ भाराखाली असेल तर हवेचा रस्ता. छावणीतल्या मिस्त्रीने एअर फिल्टर पाहिला, मग टर्बोपासून (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्यापासून) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी पाइपवरून हात फिरवला. खालच्या अंगाला बोटभर चीर होती आणि तिच्याभोवती तेलकट काजळी. दाब वाढला की चीर उघडत होती, मोजून घेतलेली हवा वाटेतच निसटत होती, आणि डिझेल मात्र त्या पूर्ण हवेच्या हिशेबाने फवारले जात होते.

पाइप आणि फिल्टर बदलले. बुधवारी काका-काकू ओंकारेश्वरला जाऊन आले; परत येताना घाट चढताना काकूंनी मागच्या काचेतून मुद्दाम पाहिले, धूर नव्हता.