झेरॉक्स म्हणे!

सकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या माझदा एमएक्स-५ चा, म्हणजे माझ्या दोन सीटच्या उघड्या टपाच्या जपानी स्पोर्ट्स कारचा, फोटो टाकला, नुकतीच धुतली होती, वर ऊन पण होतं, इथे इंग्लंडात नॉरिचमध्ये ऊन म्हणजे सणच, तर एका महाशयांचा रिप्लाय, "छान, पण शेवटी लोटस एलानची जपानी झेरॉक्स." खाली चार जणांचे हसरे चेहरे. माझा चहा तसाच गार झाला.

आता ऐका. एलान म्हणजे लोटस या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, ती मी चालवलीय. एकदाच, पण चालवलीय. शेजारच्या आजोबांकडे १९६९ ची आहे, दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात त्यांनी आपणहून किल्ली हातात ठेवली आणि मी क्लच असा काही सोडला की बेडकासारख्या उड्या मारतच गेटबाहेर पडलो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला जाड रबरी कपलिंग असतात, आधी त्यांना पीळ बसतो, मग गाडी सुटते. पायाला ते कळायला वेळ लागतो. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त दार घट्ट धरून बसले.

तर झेरॉक्स. १९६२ ची एलान आणि १९८९ ची माझदा शेजारी लावा, पुढून सख्ख्या बहिणी वाटतील, हेडलाइटसुद्धा दोघींचे आतून वर येतात. मान्य. पण एलानचं इंजिन तरी कुणाचं होतं हो? खालचा ब्लॉक फोर्डचा, त्यावर लोटसने ट्विन कॅम हेड, म्हणजे दोन कॅमशाफ्टचा इंजिनाचा वरचा भाग, चढवलं. ते लोटसच्या संस्थापकाने, कॉलिन चॅपमनने केलं की जीनियस आणि जपान्याने केलं की झेरॉक्स! आणि गंमत ऐका, त्याच १९८९ मध्ये लोटसने नवी एलान काढली ती फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे ताकद पुढच्या चाकांना, आणि इंजिन इसुझूचं. जपानी! टाका आता हसरे चेहरे.

पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, दोन सीट, कापडी टप, ही इथलीच, ब्रिटिश रेसिपी, पण इथल्यांनीच सोडली होती. एमजीबी ही तसलीच ब्रिटिश गाडी १९८० लाच बंद पडली. हिरोशिमावाल्यांनी, म्हणजे माझदाने, ती रेसिपी उचलली आणि १० लाखांवर गाड्या बनवल्या, म्हणून तर हप्ते भरणाऱ्या माझ्यासारख्याच्या दारात एक उभी आहे. एलानच्या किमती बघितल्यात का कुणी? नुसतं फोटोला लाइक करायचं.

पण...

त्या दिवशी बेडूकउड्या संपल्या, दुसरा गियर पडला आणि रस्त्यावर ओली पानं होती. डावं चाक पानांवर गेलं ते तळहाताला कळलं. खरंच कळलं. ७०० किलोच्या आतली गाडी, खाली स्टीलचा एकच कणा, वर फायबरग्लासचं टरफल, स्टीअरिंग बोटांनी फिरतं. माझी ९५० च्या आसपास, गुणी आहे, पण एवढं बोलत नाही. हे मी ग्रुपवर कबूल करणार नाहीये, तुम्हीही स्क्रीनशॉट टाकू नका.

संध्याकाळी आजोबांना तो मेसेज इंग्लिश करून सांगितला. त्यांनी विचारलं, "ह्या गृहस्थांनी दोन्हींपैकी कुठली चालवलीय?"

मग म्हणाले, रविवारी पाऊस नसेल तर समुद्रापर्यंत जाऊ, तू माझी घे, मी तुझी घेतो. तुझ्या गाडीचा हीटर चांगला आहे.