दोन माणसं की तीन सिलिंडर?

जून सरला की सांगलीत माणसं 'बरं आहे का?' असं विचारत नाहीत, 'कोयनेत किती झालं?' असं विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना आलं की इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यांआधी पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं, तेव्हापासून आमच्या अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये 'आपली स्वतःची बोट' हा विषय दरवर्षी निघतो. यंदा तो चक्क मंजूर झाला. पंचाईत तिथूनच सुरू झाली, कारण हवा भरायच्या बोटी पसंतीला आल्या दोन.

एक पिवळीधमक, स्वस्त, वल्ही आणि पंप फुकट. खोक्यावर निळ्याशार तळ्यात हसणारं परदेशी जोडपं. दुसरी राखाडी, जाडजूड, तळाला प्लायवूडच्या फळ्या आणि किंमत अशी की खजिनदारांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. तिच्या खोक्यावर कुणीच हसत नव्हतं.

पिवळीची क्षमता ९५ किलो. "म्हणजे दोन माणसं," सेक्रेटरी म्हणाले.

"कुठली दोन?" तळमजल्याच्या अण्णांनी विचारलं. सगळे एकदम छताकडं बघू लागले.

मग काकूंनी मुद्द्याला हात घातला. "माणसांना न्यायला एनडीआरएफवाले येतात हो. सिलिंडर कोण नेणार?"

भरलेलं सिलिंडर साधारण तीस किलोचं. अण्णा बसले की सिलिंडर राहतं. दोन सिलिंडर ठेवली तर वल्ही मारायला पाचवीतलं पोर बघावं लागतं. त्यात वहिनींचं शिलाई मशीन आणि काकूंची वर्षाची चटणी, जी सोडून त्या स्वर्गातसुद्धा जायच्या नाहीत.

माझा जीव मात्र बोटीच्या तळात अडकला होता. पुराच्या पाण्याखाली काय काय असतं! पत्र्याचे कोपरे, बाभळीच्या फांद्या, तारेची कुंपणं. शेजारच्या बंगल्याच्या गेटला तर वर भालेच आहेत. पाणी त्या टोकांच्या जेमतेम वर आलं आणि आपण पिवळीतून वरून निघालो, तर?

"तीन कप्पे आहेत की," सेक्रेटरी म्हणाले. "एक फुटला तरी दोन राहतात."

"म्हणजे मी किती राहतो?" अण्णांनी विचारलं.

अखेर राखाडी ठरली. आता ठेवायची कुठं? गच्चीवर उन्हानं खराब होईल. दुसऱ्या मजल्यावर काकूंना रबराचा वास सहन होत नाही. तिसऱ्यावर म्हणे वास्तूत नाव चालत नाही (हे मी पहिल्यांदाच ऐकलं). त्यामुळं बोट सध्या पार्किंगमधल्या खोलीत कुलपात आहे. आमच्याकडं पाणी आधी त्याच खोलीत शिरतं. किल्ली अण्णांकडं असते, आणि अण्णा ३९ फुटांनाच मिरजेला मुलीकडं निघून जातात.