बिनपगारी परीक्षण

दृश्यीकरणाच्या, म्हणजे आकडेवारीची चित्रे काढण्याच्या शास्त्रातील शोधनिबंधांचे परीक्षण ज्याच्या वाट्याला येते, त्याने मे महिन्यात गोव्यात राहू नये. फोंड्याच्या घरी मानकुराद आंबा पिकलेला असतो, मुंबईचे मामा मुक्कामाला असतात आणि समोर पडलेल्या निबंधाच्या पहिल्याच चित्रात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटोळीला फळे-भाज्या टांगाव्यात तसे सर्व काही टांगलेले असते. असे चित्र पाहून हरखून न जाता ते कोणासाठी काढले आणि त्याला त्यातून काय कळायला हवे, हे आधी शोधावे लागते. मूळ प्रश्नच चुकीचा पकडला तर पुढची आज्ञावली कितीही वेगवान असून उपयोग नाही, हे याच शास्त्रातल्या संशोधक तमारा मन्झनर यांनी २००९ मध्ये अशा कामाची चार पातळ्यांत मांडणी करून सांगितले आहे. तरीही लेखक आज्ञावलीच्या वेगाचे, मिलिसेकंदांचे तक्ते देऊन मोकळे होतात. माणसाला एका पट्टीवरचे स्थान जितके अचूक वाचता येते तितके क्षेत्रफळ वाचता येत नाही, हे दाखवणारा क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांचा १९८४ चा निबंध संदर्भसूचीत हटकून असतो आणि चित्रात हटकून लहानमोठी वर्तुळे असतात.

यंदाच्या निबंधात अरबी समुद्राचे तापमान इंद्रधनुषी रंगांत होते. मी तो नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कृष्णधवल छापून आणला, कारण रंगांचे सोंग उतरवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. मधला पिवळा पांढुरका पडला आणि टोकांचे निळे व लाल सारखेच काळपट झाले.

‘‘समुद्र दोन्हीकडून करपलाय की काय रे?’’ मामांनी विचारले. निबंधातल्या चाचणीला लेखकांच्याच प्रयोगशाळेतले विद्यार्थी बसले होते आणि त्या सर्वांना नकाशा ‘अत्यंत सुबोध’ वाटला होता. मामांना मात्र कोणी विचारले नव्हते.

‘‘याचे पैसे किती मिळतात?’’

‘‘काहीच नाही, मामा.’’

‘‘मग नाव तरी छापतात?’’

‘‘नाव गुप्त ठेवतात.’’

मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती कोणत्याही आलेखात बसणारी नव्हती.

‘करपलाय’ हा शब्द अहवालात चालत नाही, म्हणून मी ‘रंगपट्टीच्या निवडीचा पुनर्विचार व्हावा, अशी नम्र सूचना आहे’ असे लिहिले. सुधारित प्रत आली, तिच्यात लेखकांनी परीक्षकांच्या मौलिक सूचनांचे ऋण मान्य केले होते आणि त्याच इंद्रधनुष्याखाली ‘तापमान’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला होता.