निळीच चालते, भिया

शिसवी मिळतं, बाभळीचं मिळतं, चिंचेच्या गाभ्याचं काळसर लाकूड मिळतं. पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळईचा तुकडा तर कबाड्याकडे चहाच्या पैशात मिळतो. तो लेथवर कातायचा, आत पितळी नळी चिकटवायची, पॉलिशचे चार हात मारायचे, की हातात असं पेन येतं की बघणारा आधी वास घेतो आणि मग लिहून बघतो. इथवर सगळं आपल्या हातात असतं. पुढचा प्रश्न खजुरी बाजाराच्या हातात: त्यात जांभळी रिफिल कुठून घालायची?

इंदूरचा खजुरी बाजार म्हणजे वह्या-पुस्तकांचा आणि कंपासपेट्यांचा गाव. एका वेळी दोनशे रजिस्टरं मागा, दुकानदार मान वर न करता काढून देईल. एक जांभळी रिफिल मागा, तो मान वर करतो. "पेन दिखाओ." आपण पेन दाखवतो. तो ते उलटसुलट फिरवतो, क्लिपवर नाव शोधतो. "कौनसी कंपनी का है?" घरी केलेलं आहे, म्हटलं की तो शांतपणे परत देतो. "तो भिया, रिफिल भी घर की बना लो." वर सल्ला फुकट: "नीली ले जाओ. चलती भी वही है."

रंगावरून माणसाचा हुद्दा ठरवण्याची पद्धतही या बाजारात आहे. लाल मागितली की आपण मास्तर. हिरवी मागितली की राजपत्रित अधिकारी, मग स्टूल पुढे येतं. जांभळी, नारिंगी किंवा मोरपंखी मागितली की शेजारच्या गिफ्टच्या दुकानाकडे बोट. तसा त्याचाही दोष नाही. बँकेची स्लिप, कोर्टाचा कागद, सगळीकडे निळी नाहीतर काळी. जांभळ्या शाईला या देशात कामधंदा नाही. ती डायरी, किराण्याची यादी आणि न छापलेल्या कविता एवढ्यावर जगते.

खरी गोम मात्र रंगात नाही, मापात आहे. हौशी पेनकार पेन करताना लाकडाची रेघ पाहतो, रिफिलचं माप पाहत नाही, आणि मग जन्मभर बाजार पाहतो. घरी होणाऱ्या पेनांत मुख्यतः तीन घराणी. सात मिलिमीटरच्या नळीवर होणारं सडपातळ, पिळायचं पेन; त्यात क्रॉस कंपनीच्या पद्धतीची लांब, बारीक, शेपटीला आटे असलेली रिफिल जाते. जरा अंगानं भरलेलं, पिळायचं किंवा खटक्याचं पेन. त्यात पार्कर पद्धतीची, जिला दुकानात सरसकट 'जॉटर' म्हणतात. जॉटर हे पार्करचं १९५४ सालचं पेन. तिसरं टोपणवालं रोलरबॉल, त्यात ११० मिलिमीटरच्या आसपासची जाडसर रिफिल. पहिल्या घराण्यात रंग म्हणजे निळा आणि काळा, संपलं. दुसऱ्यात लाल मिळते, हिरवी नशिबात असेल तर. बाकीचं सगळं इंद्रधनुष्य शाळेच्या मुलांच्या जेल पेनात बंद आहे, आणि त्या रिफिली आपल्या एकाही घराण्यात सरळ नांदत नाहीत.

त्यात नावांचा घोळ. पार्कर पद्धतीच्या आकाराला मापाच्या भाषेत 'जी-टू' म्हणतात, लांबी सुमारे ९८ मिलिमीटर. पायलट कंपनीचं एक गाजलेलं जेल पेन आहे, त्याचंही नाव 'जी-टू', आणि त्याची रिफिल एक सेंटिमीटरहून जास्त लांब. दोन्हींचा एकमेकींशी संबंध दोन कुलकर्ण्यांइतकाच. मोबाइलवर 'जी-टू, रंगीत' असं वाचून मागवलं की चार दिवसांनी सुंदर रंगांच्या, न बसणाऱ्या रिफिली दारात येतात. त्या टाकू नका. ही पायलटवाली थोडी कापली तर बऱ्याच रोलरबॉल पेनांत बसते. पार्करवाल्या पेनात मात्र बळजबरी करू नये.

तेव्हा बाजारात जाताना खिशात जुनी रिफिल आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचा मोजचिमटा, असावा. पट्टी चालत नाही. अर्ध्या मिलिमीटरवर इथे संसार मोडतात. मापं चार घ्यायची: एकूण लांबी, अंगाचा व्यास, टोकाचा व्यास आणि टोकापासून खांद्यापर्यंतचं अंतर. खांदा म्हणजे जिथे स्प्रिंग येऊन टेकते ती पायरी. पहिली तीन मापं लोक घेतात. चौथं विसरतात आणि घरी येऊन खटका दाबतात, तेव्हा टोक बाहेर येतं ते परत आत जात नाही.

आता जेल रिफिल कापणं. हे मी आनंदानं सांगतो, कारण याच कामात सगळ्यात जास्त शर्ट वाया जातात. रिफिलच्या मागच्या बाजूला शाईच्या वर एक पारदर्शक थर दिसतो. डोळ्यांना पाणी वाटतं, असतं ग्रीससारखं. शाई मागून वाळू नये आणि उलटी वाहू नये म्हणून घातलेलं ते बूच आहे. कापायचं ते त्याच्या मागे, रिकाम्या नळीत. नव्या भरलेल्या रिफिलमध्ये तेवढी रिकामी जागा बहुधा नसते. मग दोनच मार्ग: घाईनं कापून शाई आणि ग्रीस दोन्ही टेबलावर घेणं, किंवा कापायच्या रेघेवर मार्करनं खूण करून ग्रीस तिच्या खाली उतरेपर्यंत लिहीत बसणं. दुसऱ्या मार्गात रामनाम होतं, हेही नसे थोडके. जेल तशीही बॉलपेनपेक्षा कितीतरी लवकर संपते, फार वाट पाहावी लागत नाही.

कात्री नको. कात्रीनं नळी चेपते, लंबवर्तुळ होते आणि पेनात अडकते. नवं ब्लेड घ्यायचं, रिफिल सपाट फळीवर ठेवायची आणि ब्लेडखाली हलक्या हातानं लाटायची, शेवया वळतात तशी. एका वेळी एक मिलिमीटर. जास्त कापलेलं परत जोडता येत नाही असं म्हणतात, पण येतं: दुसऱ्या रिकाम्या नळीचा तुकडा मागे ठेवला की झालं. शेवटी कापलेल्या तोंडाला ब्लेडनं इंग्रजी व्हीसारखी एक बारीक खाच द्यायची. ही खाच म्हणजे सगळ्या कारभाराचा प्राण. शाई पुढे सरकते तशी मागून हवा आत यावी लागते. सपाट कापलेलं तोंड पेनाच्या यंत्रणेवर घट्ट बसलं की वाट बंद होते, आत निर्वात तयार होतो आणि अर्ध्या पानावर पेन मौन धरतं. माणूस शाईला शिव्या घालतो, दुकानात जाऊन भांडतो, आणि दोष असतो न पाडलेल्या खाचेचा.

मग खांद्याचा प्रश्न. जेल रिफिलचा खांदा स्प्रिंगला हवा तिथे नसतो. बहुतेक लोक सेलोटेपचे चार वेढे देतात. डिसेंबरात ठीक. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टेपचा गोंद पाघळतो, स्प्रिंग त्यात रुतते आणि पेन उघडलं की आतून गुळाच्या पाकासारखी तार निघते. त्यापेक्षा महाराणी रोडवर वायरवाल्यांकडे आकसणारी नळी मिळते, हीट-श्रिंक म्हणून मागा. रिफिलहून किंचित मोठी घ्यायची. आणि कृपा करून ती रिफिलवर चढवून तापवू नका! आतली शाई फुगते आणि टोकातून बाहेर पडते. तेवढ्याच व्यासाच्या ड्रिलच्या मागच्या दांडीवर नळी चढवून तापवायची, गार झाल्यावर तीन मिलिमीटरची चकती कापायची आणि मग रिफिलवर सरकवायची. टोक भोकात सैल बसून लिहिताना टकटक वाजत असेल तर टोकाशी टेपचा एकच पातळ वेढा पुरतो. दोन दिले की टोक बाहेरच येत नाही.

ज्यांना कापाकापी झेपत नाही त्यांच्यासाठी डी-वन नावाची चिमुकली रिफिल आहे, ६७ मिलिमीटरची, काडीसारखी. दोन-तीन रंगांच्या भारी पेनांत असते ती. रंग बरेच येतात आणि तिला प्लॅस्टिकच्या खोळीत घालून पार्करच्या जागी बसवता येतं. फक्त पोटात शाई जेमतेम. प्रेमपत्र पुरं होतं, त्याचं उत्तर देईपर्यंत पुरत नाही.

एक प्रयोग मात्र मुळीच करू नये, आणि तोच सगळे करतात: रिकाम्या बॉलपेन रिफिलमध्ये सिरिंजनं दौतीतली जांभळी शाई भरणं. बॉलपेनची शाई तेलकट, काकवीसारखी दाट असते. टोकातली गोळी आणि तिची खोबण यांच्यामधली फट त्या दाटपणाच्या हिशेबानं ठेवलेली असते. दौतीतली शाई पाण्यासारखी पातळ; ती त्या फटीतून लिहीत नाही, गळते. खिशावर उमटलेला डाग पाहून घरातली माणसं काय म्हणतात ते लिहायला कुठलाच रंग शोभणार नाही.

बरी रिफिल अचानक बंद पडली तर आधी टोक कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरा आणि खोडरबरावर गोल गोल गिरवा. गोळीवर वाळलेला थर बहुधा निघतो. जेल पेन टोकावर पडलं असेल तर कष्ट घेऊ नका, गोळी हलली की ती रिफिल गेली. साठा करायचा तर टोक खाली करून, पेल्यात उभा.

या सगळ्याला कंटाळून काही जण फाउंटन पेनाकडे वळतात. शाईच्या बाटल्यांत रंगांची कमी नाही. आपल्या कॅमलिनवाल्या दांडेकरांनी १९३१ साली गिरगावात शाईच्या पुड्यांनी धंदा सुरू केला, तेव्हापासून मराठी माणसाचा दौतीशी घरोबा. एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, हाती घडवलेल्या पेनात तर ड्रॉपरनं थेट पोटातच शाई भरायची. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, म्हणजे बोटं निळी होत नाहीत. फक्त शाई तळाला गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि निबमधून एक टपोरा थेंब कागदावर येतो. म्हणून एक तृतीयांश उरली की भरून टाकायची. लाकडी पेनाच्या पोटात मात्र अशी शाई थेट ओतू नका. लाकूड ती पिऊन टाकतं.

होळकरांच्या दफ्तरातल्या मोडी कारकुनाला हे काही नव्हतं. काजळी, डिंक, बोरू. टोक झिजलं की चाकूनं तासलं. मापाचा प्रश्न आलाच तर बोटांचा.

आता मी उलट्या क्रमानं जातो. आधी हव्या त्या रंगाची रिफिल, एक नव्हे, सहा. मग तिचं माप. मग त्या मापाची यंत्रणा आणि नळी. लाकूड सगळ्यात शेवटी. यंत्रणा नळीत दाबतानाही तीच रिफिल आत ठेवायची आणि दर दाबाला पिळून बघायची. टोक दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलं की थांबायचं. एक दाब जास्त झाला की टोक कायमचं बाहेर, आणि मग ते पेन भाच्याला वाढदिवसाला.

राहता राहिली संपलेली रिफिल. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलेल्या शहरात ती टाकायची कुठे? सकाळी गाणं वाजवत गाडी येते, कप्पे वेगवेगळे. नळी प्लॅस्टिक, टोक धातूचं, पोटात उरलेली शाई आणि ग्रीस. गाडीवरचा पोरगा ती हातात घेऊन उन्हात धरतो.

"भिया, इसमें तो अभी बाकी है."

बाकी असतेच. ग्रीसच्या खाली, जांभळी, बरोब्बर चार मिलिमीटर.