पन्नास डॉलरची गिटार

आज एका वाद्यांच्या दुकानात विक्रेता कॉलेजातल्या एका मुलीला सांगत होता, "पंक वाजवायचंय ना? मग ही स्वस्तातली नको, हिच्यातून तो आवाज निघणारच नाही." मुलीने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी किमतीच्या चिठ्ठीकडे. डोकंच फिरलं माझं.

अहो, पंकचा, म्हणजे त्या वेगवान, खरखरीत रॉकचा, आवाज आणला कुणी? रामोन्स या पंक बँडच्या गिटारवादकाने, जॉनी रामोनने. जानेवारी १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या ४८व्या रस्त्यावर, मॅनीज नावाच्या दुकानात, बांधकामावर काम केलेल्या या माणसाने पन्नासेक डॉलरला मोसराइट कंपनीची इलेक्ट्रिक गिटार घेतली. का? परवडत होती, आणि इतर कुणी ती वाजवत नव्हतं म्हणून! मोसराइट म्हणजे द व्हेंचर्स या बँडची, सर्फ संगीताची गिटार. हलकी, बारीक नेकची. रॉकवाले तेव्हा गिब्सनच्या जडशीळ लेस पॉल गिटारीच्या मागे होते.

कॉलेजात आमच्या सरावाला एक सीनियर आला होता. माझ्या हातात आईने भिशीच्या पैशांतून घेऊन दिलेली सेकंडहँड गिटार. म्हणाला, "हे खेळणं घेऊन स्टेजवर येऊ नकोस." त्या गॅदरिंगला मी वाजवलंच नाही.

रामोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम हेडफोन लावून ऐका. बेस डावीकडे, गिटार उजवीकडे. आता डावा कान मोकळा करा. कडाप्पा कापणाऱ्या कटरसारखी ती गिटार अंगावर येते! सगळे बार कॉर्ड (एका बोटाने तारा आडव्या दाबून धरायच्या), सगळे डाउनस्ट्रोक (हात फक्त वरून खाली मारायचा), पूर्ण गाणं, न थांबता. पाच मिनिटं करून बघा, मनगट बोलायला लागेल. मोसराइटचा आवाज टोकदार, म्हणून एवढ्या वेगातही कॉर्ड एकमेकांत कालवले जात नाहीत. लेस पॉलवर हेच वाजलं असतं तर गाणी जड झाली असती, असं माझं ठाम मत आहे.

मान्य, पुढे त्याने पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे भाग, बदलले. मार्शलचा अँपही फुकट येत नाही. पण हात त्याचाच होता ना?

त्या सीनियरला हे कुणी सांगायचं? राग अजून गेलेला नाही. आई खंडेनवमीला त्या गिटारीलाही हळदकुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची. तिला पंक काय ठाऊक! पण पोरगा रोज वाजवतो ते वाद्य, म्हणून पूजेत. त्याला कुणी खेळणं म्हणावं?

जॉनीची पहिली निळी मोसराइट १९७७ मध्ये चोरीला गेली. मग त्याने पांढरी घेतली, तीही मोसराइटच, आणि १९९६ च्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत तीच त्याची मुख्य गिटार राहिली. २०२१ मध्ये ती लिलावात नऊ लाख डॉलरच्या वर गेली. आता तीच 'क्लासिक' म्हणून भिंतीवर टांगतील आणि पोरांना सांगतील, तुला नाही झेपणार.

कुणाकडे जुनी गिटार माळ्यावर पडून असेल तर इनबॉक्सात सांगा. तारा मी बसवून देईन, पैसे नकोत.